इटलीची मॅकरोनी आणि हिंगोलीचे सरगुंडे



शहरांतील मराठी घरांत इटालियन पदार्थ करण्याची हौस आतां चांगलीच रुजली आहे. वाण्याच्या दुकानांत पास्त्याचीं पुडकीं मिळूं लागलीं, टोमॅटोचें सार बाटलींत भरून येऊं लागलें, आणि मुलांच्या आग्रहास्तव रविवारीं सायंकाळीं एखादा परदेशी पदार्थ ताटांत यावा, ही गोष्ट नवलाची राहिली नाहीं. परंतु हे पदार्थ मूळचे कोणाचे, ते कोणत्या गरजेंतून निर्माण झाले, आणि आपल्या स्वयंपाकघराशीं त्यांचें कांहीं नातें आहे कीं काय, हा विचार सहसा कोणी करीत नाहीं. आज तोच विचार करावयाचा आहे. आणि त्याचा आरंभ रोम अगर नेपल्स येथून न करितां मराठवाड्यांतील हिंगोली जिल्ह्यापासून करावयाचा आहे. असें कां, याचा उलगडा पुढें आपोआपच होईल.

हिंगोली हा जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगांव, वसमत आणि औंढा नागनाथ असे त्याचे पांच तालुके. कयाधू आणि पूर्णा या नद्यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन, वसमतकडील हळद, रब्बींतील ज्वारी, हरभरा व गहूं हें या मुलखाचें धन. उत्तरेस वाशीम जिल्हा लागून असल्यामुळें येथील खाण्यापिण्यांत मराठवाडा व वऱ्हाड या दोहोंची चव मिसळलेली आहे. चैत्र-वैशाखांत रब्बीचें पीक घरांत आलें म्हणजे येथील गृहिणी वर्षाच्या वाळवणास लागते. पापड, कुरडया, शेवया हे सर्वत्र ठाऊक असलेले प्रकार. परंतु त्यांच्या जोडीला या भागांत एक पदार्थ होतो, त्याचें नांव सरगुंडे.

गहूं निवडून त्यांस पाण्याचा हात द्यावयाचा, कापडांत कांहीं वेळ दाबून ठेवावयाचे आणि मग दळावयाचे. दळलेलें पीठ बारीक वस्त्रांतून चाळलें म्हणजे कोंडा वेगळा होतो. राहिलेलें पीठ घट्ट भिजवून, तेलाच्या हातानें पुष्कळ वेळ तिंबून त्याची लांब वळी करतात व ती वळी बारीक काडीभोंवतीं मळसूत्रासारखी गुंडाळतात. किंचित् सुकली कीं काडी हलकेच ओढून घ्यावयाची. हातीं राहतो तो पोकळ, वळणदार सरगुंडा. खडखडीत वाळवून डब्यांत भरला तर तो पुष्कळ दिवस टिकतो. आंब्याच्या दिवसांत तो उकळत्या पाण्यांत शिजवून, निथळून, आमरसाबरोबर किंवा गुळवण्याबरोबर वाढतात.

आतां इटलीच्या दक्षिण टोंकाकडे वळूं. तेथें कॅलाब्रिया नांवाचा डोंगराळ, कोरडा व पिढ्यान् पिढ्या गरीब राहिलेला प्रांत आहे. तेथील शेतकरणी कणकेची वळी घेऊन ती बारीक लोखंडी काडीवर दाबून फिरवितात व काडी काढून घेतात. या पदार्थास त्या 'काडीवरची मॅकरोनी' म्हणतात. समुद्र ओलांडून सिसिली बेटांत गेलें तर त्रापानी शहराच्या आसपास 'बुझियाते' नांवाचा पास्ता मिळतो. त्यांत कणीक काडीभोंवतीं मळसूत्राप्रमाणें गुंडाळलेली असते, आणि त्याचें नांवच मुळीं ज्या गवताच्या दांड्यावर तो वळीत त्या दांड्यावरून पडलें आहे. हिंगोलीची काडी आणि त्रापानीची काडी यांत हजारों मैलांचें अंतर आहे. पण हाताची हालचाल तीच, पोकळ ठेवण्याचें कारण तेंच. आंत पोकळी असली म्हणजे वळी आंतूनही वाळते, बुरशी धरीत नाहीं, आणि शिजतांना पाणी दोहों बाजूंनीं लागून ती सारखी शिजते.

हें साम्य एका पदार्थापुरतें नाहीं. आपल्याकडे लग्नकार्यासाठीं जें वळवट करतात, त्यांतील नांवें पाहावीं. गव्हाच्या दाण्याएवढे वळलेले ते गव्हले, नखानें दाबून आकार दिलेल्या त्या नखुल्या, बोटावर वळलेले ते बोटवे. इटलींतही असेंच आहे. पुल्या प्रांतांत अंगठ्यानें दाबून केलेल्या वाटोळ्या खोलगट चकतीस 'लहान कान' म्हणतात. सार्डिनिया बेटांत गव्हल्यांची आठवण करून देणारा, वाटोळ्या दाण्यांचा 'फ्रेगुला' असतो. एमिल्या-रोमान्या प्रांतांत फणीसारख्या साधनावर कणीक फिरवून तिच्यावर रेघा उमटवितात. दोन्ही ठिकाणीं साधनें घरांतलींच: नख, बोट, काडी, फणी. दोन्ही ठिकाणीं हें काम बायकांचें, चारचौघींनीं मिळून करावयाचें.

मग कोणी कोणाकडून शिकलें, असा प्रश्न सहज उत्पन्न होतो. पास्ता मार्को पोलोनें चीनमधून इटलींत आणला अशी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. ती खरी नाहीं. मार्को पोलो व्हेनिसला परत आला १२९५ सालीं. आणि जेनोवा येथील एका नोटरीनें १२७९ सालीं केलेल्या मालमत्तेच्या यादींत मॅकरोनीनें भरलेल्या टोपलीची नोंद आहे. मार्को पोलोच्या कथेस खरी प्रसिद्धि मिळाली ती विसाव्या शतकांत, अमेरिकेंतील पास्ता-व्यापाऱ्यांच्या एका मासिकामुळें. नरसीच्या संत नामदेवांचा जन्म १२७० सालचा मानतात. म्हणजे नामदेव नऊ वर्षांचे बालक होते, तेव्हां जेनोवाच्या त्या गृहस्थाच्या कोठारांत वाळलेली मॅकरोनी मौल्यवान वस्तु म्हणून मोजली जात होती.

याहूनही जुना पुरावा सिसिलीचा आहे. अल्-इद्रिसी या अरब भूगोलवेत्त्यानें राजा दुसरा रॉजर याच्या आश्रयानें लिहिलेला ग्रंथ ११५४ सालीं पुरा झाला. पालेर्मोजवळील त्राबिया गांवीं 'इत्रिया' नांवाच्या कणकेच्या तारा मोठ्या प्रमाणावर तयार होत व गलबतांत भरून मुसलमान व ख्रिस्ती अशा दोन्ही मुलखांत जात, असें तो सांगतो. वाळविलेल्या शेवईचा व्यापार भूमध्य समुद्रांत वाढला, त्यांत अरबांचा वांटा मोठा होता. आपल्याकडे सोळाव्या शतकांतील 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथांत 'सेविका' या नांवानें गव्हाच्या वाळविलेल्या बारीक वळ्या दुधांत शिजवून तूप-साखरेबरोबर खाण्याचें वर्णन येतें. हिंगोलीसारख्या गांवांत ईदच्या दिवशीं शीरखुर्म्यांत पडणारी शेवई आणि शेजारच्या घरीं लग्नांत वाढली जाणारी शेवयांची खीर या एकाच धान्याच्या दोन वाटा आहेत.

तथापि सरगुंडा सिसिलीहून आला किंवा बुझियाते येथून गेले, असें म्हणावयास कांहीं आधार नाहीं, आणि तसें मानण्याची गरजही नाहीं. गहूं, कडक ऊन आणि पुढच्या पावसाची चिंता या तीन गोष्टी जेथें एकत्र आल्या, तेथें माणसाच्या बोटांना एकच युक्ति सुचली. पीठ पावसाळ्यांत टिकत नाहीं. त्यास जाळी लागते, कीड पडते. तेंच पीठ भिजवून, वळून, वाळवून ठेवलें तर टिकतें. पास्ता ही मुळांत चैनीची वस्तु नसून धान्य राखण्याची विद्या आहे, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे.

या विद्येला साजेसा गहूंही दोन्हीकडे होता. पोळीचा मऊ गहूं वेगळा आणि पास्त्याचा कठीण गहूं वेगळा. पास्त्याचा गहूं पिवळसर, कांचेसारखा कठीण. दळल्यावर त्याचा मैदा न होतां रवा होतो, त्याची कणीक चिवट असते आणि शिजतांना पाण्यांत विरघळत नाहीं. दख्खनच्या काळ्या जमिनींत केवळ ओलाव्यावर येणारा बन्सी गहूं याच जातीचा. तसाच खपली गहूं हा इटलींतील तुस्कनी प्रांतांत 'फार्रो' म्हणून आजही पिकविला जाणाऱ्या प्राचीन गव्हाचा सख्खा भाऊ. १९६५ नंतर बुटक्या मेक्सिकन जातींवरून तयार झालेले भरघोस उत्पन्नाचे गहूं आले. धान्याची टंचाई हटली हा त्यांचा मोठाच उपकार. परंतु त्या भरतींत बन्सी आणि खपली मागें पडले. इटलीनें मात्र १९६७ सालीं कायदा करून सुका पास्ता कठीण गव्हाचाच असला पाहिजे असें ठरविलें. एकाच काळांत दोन देशांनीं आपल्या जुन्या गव्हाशीं कसा व्यवहार केला, याचा हा नमुना विचार करण्यासारखा आहे.

इटालियन जेवणांतील दुसरी प्रसिद्ध वस्तु म्हणजे टोमॅटो. तो तर इटलीलाही परका! अमेरिकेंतून तो सोळाव्या शतकांत युरोपांत आला आणि बराच काळ लोक त्याकडे संशयानें पाहत राहिले. त्याचें सार छापील इटालियन पाकग्रंथांत प्रथम दिसतें तें सतराव्या शतकाच्या शेवटीं, आन्तोनिओ लातीनी या नेपल्समधील कारभाऱ्याच्या पुस्तकांत, आणि तेंही 'स्पॅनिश पद्धतीचें' म्हणून. शेवया व टोमॅटो यांची जोडी घरोघरीं जमण्यास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. नेपल्सच्या इप्पोलितो काव्हाल्कान्ती यानें १८३९ सालीं तिची कृति दिली. म्हणजे ज्यास आपण सनातन इटालियन चव समजतों, तिचें वय दोनशें वर्षांच्या आंतबाहेर आहे. आपली मिरचीही त्याच अमेरिकेची, पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेली. तरी ठेच्यावांचून मराठवाड्याची भाकरी कल्पवत नाहीं. वऱ्हाडांत टोमॅटोस 'भेदरें' असें खास घरचें नांव मिळालें आहे. परकें बियाणें आपल्या मातींत रुजलें म्हणजे दोनचार पिढ्यांत तें वडिलोपार्जित होऊन जातें, हा नियम नेपल्सला लागू आहे तसाच कळमनुरीसही लागू आहे.

येथें एका कटु गोष्टीचा उल्लेख टाळतां येत नाहीं. इटालियन 'साध्या' पदार्थांचें कौतुक करतांना त्या साधेपणाच्या मागें दारिद्र्य होतें हें आपण विसरतों. उत्तर इटलींत मका आला व तेथील शेतमजुरांचें सारें जेवण म्हणजे मक्याचें पिठलें, ज्यास ते पोलेंता म्हणतात, एवढेंच उरलें. जमीनदारानें गहूं विकावा आणि मजुरानें मका खावा, असा क्रम पडला. मका भिजवून चुन्याच्या पाण्यांत शिजविण्याची अमेरिकेंतील मूळ लोकांची रीत मक्याबरोबर आली नाहीं. परिणामीं कातडी सोलवटणारा, पोट बिघडविणारा व अखेर बुद्धिभ्रंश करणारा एक रोग पसरला. फ्रापोल्ली नांवाच्या वैद्यानें १७७१ सालीं त्यास जें नांव दिलें तें, 'पेलाग्रा', म्हणजे खरबरीत कातडी, आजही जगभर चालतें. अन्नांतील नायसिन या जीवनसत्त्वाचा अभाव हें त्याचें मूळ, हें उमगण्यास विसावें शतक यावें लागलें. आपण यांतून सुटलों असें नाहीं. दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांतही हा रोग आढळला आणि हैदराबाद येथील संशोधक गोपालन् व श्रीकांतिया यांनीं १९६० सालीं त्याची कारणमीमांसा प्रसिद्ध केली. ज्वारींतील ल्यूसिन या घटकाचें आधिक्य त्यास जबाबदार असावें, हें त्यांचें अनुमान पुढें वादग्रस्त ठरलें. परंतु एकाच धान्यावर माणसास जगावयास लावणें घातक असतें, हा बोध निर्विवाद आहे. भाकरीबरोबर वरण, ताक व पालेभाजी, आणि पोलेंत्याबरोबर चवळीसारख्या शेंगा व दूध, हीं जोड म्हणजे जिभेचे चोचले नव्हेत; तें जीवाचें संरक्षण आहे.

आतां प्रत्यक्ष स्वयंपाकाकडे येऊं. इटालियन पदार्थ घरीं करावयाचे असतील तर प्रथम पुडकें न आणतां डब्यांतील सरगुंडे काढावेत. चार माणसांस ४०० ग्रॅम सरगुंडे घेतले तर चार लिटर पाणी उकळावें; इटलींत दर लिटरास दहा ग्रॅम मीठ हें प्रमाण धरतात. पाणी खळखळ उकळत असतांनाच सरगुंडे टाकावेत. आपण खिरींतील शेवई मऊ गाळ होईपर्यंत शिजवितों. इटालियन गृहिणी मात्र दातास किंचित् लागेल इतकीच शिजविते. घरचे सरगुंडे मऊ गव्हाचे असतात, म्हणून ते लौकर उतरवावेत व मधून मधून एखादा चाखून पाहावा. निथळण्यापूर्वी त्यांतील वाटीभर पाणी बाजूस काढून ठेवण्यास विसरूं नये. त्यांतील पिष्टामुळें तेल व रस एकजीव होतात, हेंच सर्व रहस्य.

नंतर पसरट कढईंत अर्धी वाटी तेल मंद आंचेवर तापवून सातआठ लसणाच्या पाकळ्यांचे काप व दोन सुक्या मिरच्या टाकाव्यात. लसूण पिवळसर होतांच, तांबूस होण्यापूर्वीं, राखून ठेवलेलें पाणी व सरगुंडे घालून कढई दोनचार वेळां हालवावी. तिकडे ऑलिव्हचें तेल वापरतात. आपल्याकडे करडईचें घाण्याचें तेल घेतलें तर चव वेगळी होईल, वाईट होणार नाहीं. चीज मिळालें नाहीं म्हणून खिन्न होण्याचें कारण नाहीं. दक्षिण इटलींतील गरीब घरांत चीज परवडत नसे, तेव्हां शिळ्या पावाचा चुरा तेलांत खरपूस परतून तो वरून भुरभुरवीत, आणि आजही आवडीनें भुरभुरवितात. आपल्या घरीं शिळी पोळी असतेच. तिचा कुसकरा कुरकुरीत परतून घातला तर कॅलाब्रियाची कोणी वृद्धा तो पदार्थ परका म्हणणार नाहीं.

दुसरा पदार्थ तर आपल्या घरीं नित्य होतो. फक्त त्यास आपण इटालियन म्हणत नाहीं. पोळी लाटून, तिचे शंकरपाळ्यासारखे तुकडे कापून, फोडणीच्या वरणांत शिजविले कीं वरणफळें किंवा चकोल्या तयार होतात. इटलीच्या बाझिलिकाता प्रांतांत कणकेच्या रुंद पट्ट्या हरभऱ्यांत शिजवून लसणाची फोडणी देतात. रोमन कवि होरेस यानें इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांत आपल्या रात्रीच्या साध्या जेवणाचें वर्णन करतांना कांद्याच्या जातीची भाजी, हरभरे आणि 'लागानुम' म्हणजे कणकेचा पापुद्रा यांचा उल्लेख केला आहे. हा पापुद्रा तेव्हां तळीत कीं उकडीत, याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. परंतु डाळ व कणीक यांची सोयरीक किती जुनी आहे हें त्यावरून दिसतें. आधुनिक आहारशास्त्रही तिला दुजोराच देतें, कारण गव्हांतील प्रथिनांत जें उणें असतें तें डाळ भरून काढते.

हें सर्व सांगण्याचा हेतु पाककृति पुरविणें एवढाच नाहीं. इटलीच्या स्वयंपाकास जी कीर्ति लाभली तिच्यामागें एक पुस्तक आहे. इटलीचें राजकीय ऐक्य १८६१ सालीं झालें; तरी प्रांताप्रांतांच्या चुली वेगळ्याच राहिल्या. पेल्लेग्रिनो आर्तुसी नांवाचा फ्लॉरेन्सचा एक निवृत्त व्यापारी, वय वर्षें ७१, यानें १८९१ सालीं स्वखर्चानें एक पाकग्रंथ छापला. पहिल्या आवृत्तींत ४७५ कृति होत्या. पुस्तक वाचून ठिकठिकाणच्या गृहिणी त्यास पत्रें लिहूं लागल्या, आपल्या घरच्या रीति कळवूं लागल्या, आणि वाढतां वाढतां त्या कृति ७९० झाल्या. अक्षरओळख नसलेल्या आज्यांच्या हातांतील विद्या लेकीसुनांच्या पत्रांतून कागदावर आली आणि राष्ट्राची ठेव झाली. आपल्याकडेही लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' हें पुस्तक १९१० सालीं निघालें व मुंबईच्या सुशिक्षित घरांत गाजलें. परंतु हिंगोलीचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. मुंबई-पुण्याच्या छापखान्यांपर्यंत तेथील चुलीचा धूर फारसा पोंचला नाहीं. सरगुंड्यास लागणारी काडी किती जाड असावी, कणीक कितपत घट्ट हवी, किती सुकल्यावर काडी ओढावी, हें ज्ञान अद्यापि बोटांतच आहे. आणि बोटें म्हातारीं होत चाललीं आहेत. शेवया आतां यंत्रावर होतात, तयार पुडकीं स्वस्त मिळतात, आणि अंगणेंही लहान झालीं. उन्हांत दिवसच्या दिवस राबण्याचे ते कष्ट कोणत्याही सुनेवर पुन्हां लादावेत असें कोणी म्हणणार नाहीं. पण कष्ट सुटणें निराळें आणि विद्या बुडणें निराळें.

म्हणून शहरांतील सुशिक्षित भगिनींना एवढीच विनंति आहे कीं, या उन्हाळ्यांत गांवीं गेलांत म्हणजे आजीजवळ किंवा आत्याजवळ कागद-पेन्सिल घेऊन बसावें. गहूं कोणता, पाणी किती, वळी केवढी, हें वजनामापानें लिहून घ्यावें. नखुल्या, बोटवे, गव्हले यांचे नमुने वाळवून बाटलींत भरावेत व त्यांवर गांवाचें नांव आणि साल घालावें. त्यांतील मूठभर सरगुंडे शहरांत आणून वर सांगितल्याप्रमाणें लसूण-तेलांत परतावेत आणि मुलांना इटालियन जेवण म्हणून खुशाल वाढावेत. ते कोणी केले असें मुलांनीं विचारलें, तर गांवाचें आणि करणारीचें नांव सांगतां आलें पाहिजे.